शेक्सपिअरच्या गावाचा रिव्ह्यू: घर ठीकठाक, चर्च चुकवू नका, नाटकाचं तिकीट आधी काढा

ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनला गेलेली बहुतेक मंडळी हेन्ली स्ट्रीटवरचं शेक्सपिअर जन्मला ते घर बघतात, बाहेर उभं राहून फोटो काढतात, एखादं मॅग्नेट घेतात आणि गाडीत बसतात, आणि माझ्या मते त्या गावात शेक्सपिअर सगळ्यात कमी भेटतो तो तिथेच. वेळ कमी असेल तर न्यू प्लेस (त्याने स्वतः घेतलेल्या घराची जागा), होली ट्रिनिटी चर्च (जिथे त्याची कबर आहे) आणि संध्याकाळचं नाटक एवढं करा, घर बाहेरून बघितलं तरी चालेल. आता का ते सांगते, थोडं लांबेल.

लंडनच्या मेरिलबोन स्टेशनवरून ट्रेनने दोन तासांच्या वर लागतात. स्टेशनवरून गाव चालत होतं, कॅब वगैरेची गरज नाही. गाव छोटं आहे, सरळ रस्ते, लाकडी चौकटींची काळी-पांढरी घरं, आणि दर दुसऱ्या दुकानाच्या नावात शेक्सपिअर किंवा हॅम्लेट किंवा काहीतरी. नदीकाठच्या बागेत त्याचा पुतळा आहे १८८८ चा, भोवती हॅम्लेट, लेडी मॅकबेथ, फॉल्स्टाफ आणि प्रिन्स हॅल, चार दिशांना चौघं. सुरुवात तिथून केली तर बरं पडतं, सकाळी गर्दी नसते.

आता ते घर. शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्ट ते चालवतं, शेजारच्या मॉडर्न इमारतीतून आत सोडतात आणि निघताना दुकानातून बाहेर काढतात. घर खरोखर जुनं आहे, त्यात काही खोटं नाही, पण आतलं सामान बरंचसं त्या काळासारखं दिसेल असं मांडलेलं आहे, त्यामुळे याच खुर्चीवर तो बसायचा असलं काही मनात धरून जाऊ नका. तो नेमका कुठल्या खोलीत जन्मला तेही परंपरेनेच ठरलेलं आहे. जन्मतारखेचंही तसंच, नोंद आहे ती २६ एप्रिल १५६४ च्या बाप्तिस्म्याची, २३ एप्रिल हा आपला मागाहून ठरवलेला दिवस, आणि तो वारलाही २३ एप्रिललाच, १६१६ मध्ये, त्यामुळे सगळ्यांना ते सोयीचं पडलं.

खरं म्हणजे हे घर त्याच्या वडिलांचं आहे आणि तसं बघितलं तर मजा येते. जॉन शेक्सपिअर हातमोजे शिवणारे. तळमजल्यावर त्यांचं वर्कशॉप उभं केलंय, कातडी, साचे, कात्र्या सगळं टांगलेलं, आणि कातडी कमावायला लघवी वापरायचे हे तिथले गाइड इतक्या आनंदाने सांगतात की लहान मुलं हसून हसून लोळतात. याच रस्त्यावर उकिरडा केला म्हणून १५५२ मध्ये जॉनरावांना एक शिलिंग दंड झाला होता, आणि तेच गृहस्थ १५६८ मध्ये गावचे बेलिफ, म्हणजे नगराध्यक्षच म्हणा ना, झाले. पुढे लोकरीचा बेकायदा व्यापार, देणी, कौन्सिलच्या बैठकांना जाणं बंद, अशी घसरण. पोरगा तेव्हा वाढत्या वयात होता. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

अजून एक, हे घर आज एकटं उभं दिसतं ना, ते पूर्वी तसं नव्हतं, दोन्ही बाजूंना चिकटून घरं होती. १८४७ मध्ये लोकांनी वर्गणी काढून लिलावात हे ३,००० पौंडांना घेतलं आणि नंतर आगीच्या भीतीने आजूबाजूची घरं पाडली. त्याआधी याच्या एका भागात खानावळवजा दारूचं दुकान होतं. वरच्या मजल्यावरची एक जुनी खिडकी जपून ठेवलीय, तिच्या काचेवर आलेल्या पाहुण्यांनी नावं कोरलीत, त्यात सर वॉल्टर स्कॉट आणि थॉमस कार्लाइल हे लेखकसुद्धा. म्हणजे किल्ल्यांवर नावं कोरणारे फक्त आपल्याकडेच असतात असं नाही, हे बघून मला उगाच बरं वाटलं.

मागच्या बागेत नट-नट्या असतात, तुम्ही नाटकाचं नाव सांगायचं आणि ते तिथल्या तिथे उतारा करून दाखवतात. घराच्या तिकिटात खरी वसुली इथे होते. एका शाळकरी मुलीने मॅकबेथ सांगितलं, नट क्षणभर थांबला आणि सुरूच झाला, उन्हात, टी-शर्ट घातलेल्या टुरिस्टांच्या मधोमध. बागेच्या कडेला रवींद्रनाथ टागोरांचा अर्धपुतळा आहे आणि त्यांनी शेक्सपिअरवर लिहिलेली कविताही तिथे लावलेली आहे. तो बऱ्याच जणांना दिसतच नाही, सरळ दुकानाकडे जातात. आणि जवळच्या ज्या कॅफेत आम्ही बसलो त्याचं नाव लिहित नाही, पण कोमट पाण्यात बुडवलेल्या पिशवीला चहा म्हणणाऱ्या त्या लोकांना माझा नमस्कार.

अ‍ॅन हॅथवेचं माहेर शॉटरीत आहे, गावापासून साधारण मैलभर, शेतांच्या कडेने चालत जाता येतं. गवताने शाकारलेलं छप्पर, बाग सुंदर, फोटो भारी येतात. याच्याबद्दल फार लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. १५८२ मध्ये लग्न झालं तेव्हा तो १८ चा, ती २६ ची, आणि पुढच्या मे महिन्यात थोरलीचा बाप्तिस्मा, बाकी हिशेब तुमचा तुम्ही करा. आणि असल्या घरांवर डोळे झाकून विश्वास ठेवायच्या आधी हेही ऐका, त्याच्या आईचं म्हणजे मेरी आर्डनचं घर म्हणून विल्मकोटला जे पिढ्यान्‌पिढ्या दाखवत होते ते तिचं नव्हतंच, खरं घर शेजारचं होतं हे २००० मध्ये कागदपत्रांवरून कळलं. इतकी वर्षं लोक भक्तिभावाने शेजाऱ्यांचं घर बघून परत जात होते!

त्याची शाळाही बघता येते. त्या काळचं हजेरीपुस्तक उरलेलं नाही, पण बेलिफचा मुलगा म्हणजे तो तिथेच शिकला असणार असं सगळे धरून चालतात. शाळा अजून चालू आहे हे मला जास्त आवडलं.

आता मुद्द्यावर येते. न्यू प्लेस. हे त्याने स्वतःच्या कमाईने घेतलेलं घर, १५९७ मध्ये, कागदावर ६० पौंडांना. वय ३३. दहा शेकोट्या असलेलं, गावातल्या सगळ्यात मोठ्या घरांपैकी एक. आणि आज तिथे घर नाही. बाग आहे. तिकीट काढून आपण मोकळी जागा बघतो, आणि तरीही सांगते की हे बघाच. मूळ घर एका नंतरच्या मालकाने १७०२ मध्ये नव्याने बांधलं होतं, मग ते रेव्हरंड फ्रान्सिस गॅस्ट्रेल नावाच्या पाद्र्याकडे आलं. लोक सारखे बागेतलं तुतीचं झाड बघायला यायचे, शेक्सपिअरने लावलेलं म्हणून, तर या बाबाने वैतागून ते झाडच तोडलं. गावकऱ्यांनी त्याच्या खिडक्या फोडल्या. पुढे करावरून वाजलं, तर १७५९ मध्ये त्याने आख्खं घरच पाडलं आणि गाव सोडून गेला. तुतीचं लाकूड मात्र एका हुशार माणसाने विकत घेऊन त्याच्या डब्या नि खेळणी करून वर्षानुवर्षं विकली.

आमच्याकडे नवरा अकाउंट्समधला. नाटकाशी त्याचा संबंध म्हणजे माझ्याबरोबर येऊन दुसऱ्या अंकात डुलक्या काढणं इतकाच, त्यामुळे इथे तो बोअर होणार हे मी धरूनच चालले होते. पण हेन्ली स्ट्रीटपासून मागे मागे करणारा हा माणूस न्यू प्लेसला शेजारच्या घरातल्या प्रदर्शनात जो रमला तो हलेचना. कारण स्ट्रॅटफर्डमध्ये शेक्सपिअरचा जो पुरावा उरलाय तो कवितांचा नाही, व्यवहारांचा आहे. हे मला आधी माहीत होतं, पण गावातून चालताना ते अंगावर येतं. १५९८ ची धान्यटंचाई, सरकारने कुणाकडे किती साठा आहे याची पाहणी केली, त्यात न्यू प्लेसच्या नावावर माल्टचे, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या धान्याचे, दहा क्वार्टर, त्या काळच्या मापाने ८० बुशेल. त्याच सुमाराला लंडनच्या बिशप्सगेटमध्ये कर थकवणाऱ्यांच्या यादीत नाव. १६०२ मध्ये १०७ एकर जमीन ३२० पौंडांना. १६०४ मध्ये फिलिप रॉजर्स नावाच्या औषधवाल्याने उधारीवर नेलेल्या माल्टचे ३५ शिलिंग १० पेन्स दिले नाहीत म्हणून कोर्टात केस, वर दहा शिलिंग नुकसानभरपाईची मागणी. ऑथेल्लो तो साधारण तेव्हाच लिहीत होता बरं का! एकीकडे डेस्डिमोनाचा रुमाल आणि दुसरीकडे ३५ शिलिंगांची वसुली.

"अगं, हा तर आमच्यातला निघाला," असं म्हणत नवरा पुढच्या पाटीकडे गेला.

त्यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे रिचर्ड क्वायनीचं पत्र. शेक्सपिअरला उद्देशून लिहिलेलं आज शिल्लक असलेलं हे एकमेव पत्र, १५९८ चं, मूळ कागद ट्रस्टच्या संग्रहात आहे. विषय काय? तर कर्ज. ३० पौंड उसने हवेत. बरं ते पाठवलंच गेलं नसावं, कारण सापडलं ते लिहिणाऱ्याच्याच कागदपत्रांत. जगातल्या सगळ्यात मोठ्या नाटककाराला लिहिलेलं म्हणून जे एकच पत्र आपल्याकडे आहे त्यात नाटकाचा न सुद्धा नाही. पुढे याच क्वायनीच्या मुलाशी शेक्सपिअरच्या धाकटीचं लग्न झालं आणि लगेच त्या जावयाचं दुसऱ्या बाईचं प्रकरण चर्चच्या कोर्टात गेलं, पण ते राहू दे.

हे सगळं वाचून काही लोकांना वाटतं की असला माल्ट विकणारा गृहस्थ हॅम्लेट कसा लिहील, म्हणून मग खरा लेखक दुसराच कोणीतरी सरदार होता अशा थिअऱ्या निघतात. मला हे अजिबात पटत नाही. ज्या पोराने बापाला नगराध्यक्षपदावरून देणेकऱ्यांना चुकवण्यापर्यंत आलेलं बघितलं, तो हातात पैसा आल्यावर जमिनीतच घालणार ना? आणि पैसा नाटकातूनच येत होता. तो नुसता लेखक नव्हता, कंपनीत भागीदार होता, १५९९ ला ग्लोब उभं राहिलं त्यातही त्याचा हिस्सा होता. कलावंत म्हणजे फाटका आणि बेहिशेबी असायलाच हवा ही आपली जी समजूत आहे ना, ती या गावात साफ उतरते.

तिथून चर्च, दहा-पंधरा मिनिटं चालत, शेवटी लिंबाच्या नव्हे तर लाइम नावाच्या उंच झाडांची कमान लागते. आत जायला पैसे नाहीत, पण वेदीजवळ कबरीपर्यंत जायचं तर थोडी देणगी द्यायची असते, द्या. आणि आता गंमत. तो चर्चच्या इतक्या मानाच्या जागी पुरला गेला तो महाकवी म्हणून नाही. १६०५ मध्ये त्याने ४४० पौंड मोजून गावच्या धान्याच्या दशांशाच्या, म्हणजे पूर्वी चर्चला द्यायच्या पिकाच्या दहाव्या भागाच्या, वसुलीत हिस्सा घेतला होता आणि त्या हक्काबरोबर वेदीजवळ जागेचा मान आला. म्हणजे कबरसुद्धा गुंतवणुकीतून!

दगडावर नाव नाही. फक्त चार ओळी, मित्रा, येशूची शपथ आहे, इथली माती उकरू नकोस, दगड जागेवर ठेवणाऱ्याचं भलं होवो, माझी हाडं हलवणाऱ्याला शाप लागो, अशा अर्थाच्या. ऐकायला भुताटकी वाटते पण भीती रास्त होती, जुनी हाडं काढून टाकायची कोठी चर्चला लागूनच होती. शाप लागू पडला म्हणायचा, अजून कुणी अधिकृतपणे उघडलेलं नाही. २०१६ मध्ये रडारने तपासलं तेव्हा डोक्याकडच्या बाजूला पूर्वी कधीतरी उकरल्याच्या खुणा दिसल्या, कवटी चोरीला गेल्याची जुनी अफवा परत उठली, एवढंच. शेजारी अ‍ॅन, थोरली सुझॅना, जावई डॉक्टर हॉल. भिंतीवर त्याचा रंगीत अर्धपुतळा, हातात पीस, गुबगुबीत, समाधानी चेहरा, अगदी माल्टच्या व्यापाऱ्याला शोभेल असा. १७९३ मध्ये एका विद्वानाच्या सांगण्यावरून याला पांढरा रंग फासला होता, १८६१ मध्ये परत रंगवला.

पण मी थांबले ती रजिस्टरच्या नोंदींपाशी, त्यांच्या प्रती तिथे लावल्यात. २ फेब्रुवारी १५८५, जुळ्यांचा बाप्तिस्मा, मुलगा हॅम्नेट, मुलगी ज्युडिथ. ११ ऑगस्ट १५९६, हॅम्नेटचं दफन. वय ११. त्याची कबर कुठे आहे हे कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्याच वर्षी बापाने ते मोठं घर घेतलं, ज्याला पुढे वारसदार मुलगा नव्हता, आणि नात एलिझाबेथ १६७० मध्ये निपुत्रिक वारली तिथे थेट वंश संपला. एवढी जमवाजमव केली ती कुणाच्या नावावर गेली, हा प्रश्न नवऱ्याने विचारला, मी नाही.

माझ्या मते उत्तर मृत्युपत्रात आहे, पण जमिनीच्या वाटणीत नाही. मूळ लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजकडे असतं. बायकोला दोन नंबरचा पलंग ठेवला ही ओळ सगळ्यांना माहीत असते, तिच्यावर अजून जोक चालतात. ती ओळ मागाहून दोन ओळींच्या मध्ये घुसवलेली आहे. तशीच घुसवलेली अजून एक नोंद आहे जी कुणी सांगत नाही. हेमिंग्ज, बर्बेज आणि काँडेल या नाटक कंपनीतल्या तीन मित्रांना अंगठ्या करायला प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स. बर्बेज १६१९ ला गेला. उरलेल्या दोघांनी १६२३ मध्ये ३६ नाटकं जमवून एका जाड पुस्तकात छापली, फर्स्ट फोलिओ म्हणतात ते. त्यातली १८ आधी कधीच छापलेली नव्हती. मॅकबेथ, ज्युलियस सीझर, टेम्पेस्ट, ट्वेल्फ्थ नाइट, ही सगळी त्यात. त्याच्या हातचं म्हणून एकही पूर्ण नाटक आज हस्तलिखितात उरलेलं नाही, म्हणजे या दोघांनी आळस केला असता तर ती १८ नाटकं संपली होती. जमीन गेली, घर गेलं, वंश गेला, आणि आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांचा झुंझारराव (म्हणजे ऑथेल्लो) नि विंदांचा राजा लिअर येईपर्यंत जे टिकलं त्यातलं निम्मं त्या अंगठीवाल्या मित्रांमुळे.

आणि म्हणून रात्रीचं नाटक. नदीकाठचं रॉयल शेक्सपिअर थिएटर, १८७९ चं पहिलं १९२६ मध्ये जळालं, मग १९३२ ला एलिझाबेथ स्कॉट या आर्किटेक्ट बाईंनी नवं बांधलं, आणि आतली जागा २०१० मध्ये पूर्ण बदलली. आता स्टेज प्रेक्षकांत घुसलेलं आहे, तीन बाजूंना लोक, हजारावर खुर्च्या असूनही सगळ्यात लांबची खुर्ची स्टेजपासून १५ मीटरवर, पूर्वी २७ होती. आम्ही वरच्या गॅलरीत स्वस्तातल्या जागेवर होतो, थोडं वाकून बघावं लागतं, पण नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, अजून काय पाहिजे. नाटक होतं ट्वेल्फ्थ नाइट. जहाज फुटतं, जुळी भावंडं वेगळी होतात, बहिणीला वाटतं भाऊ बुडाला, आणि सगळा धुमाकूळ झाल्यावर शेवटी तो जिवंत समोर येऊन उभा राहतो. या नाटकाच्या प्रयोगाची पहिली नोंद मिळते ती लंडनच्या मिडल टेम्पल हॉलमधली, २ फेब्रुवारी १६०२. सण होता म्हणून प्रयोग होता, जुळ्यांच्या बाप्तिस्म्याशी तारीख योगायोगानेच जुळली असणार. पण दुपारी ते रजिस्टर बघून आलेल्या माणसाला त्या सीनला हसू येत नाही, आजूबाजूचे हसत होते. नवऱ्याने डुलकी काढली नाही, याची नोंद घ्यावी.

लंडनच्या ग्लोबशी तुलना करणारे असतात म्हणून तेही सांगते. सॅम वॉनामेकर नावाच्या अमेरिकन नटाच्या हट्टातून ते उभं राहिलं, १९९७ ला उघडलं, तो बिचारा १९९३ मध्येच गेला. उभ्याचं तिकीट स्वस्त, धमाल जबरदस्त, पण खाली बसू देत नाहीत आणि पावसात छत्री उघडू देत नाहीत, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करा. मूळ ग्लोब १६१३ मध्ये प्रयोगातल्या तोफेच्या ठिणगीने छप्पर पेटून जळलं, तरी नव्यालाही गवताचंच छप्पर ठेवलंय, हौस बघा. दोन्ही जमत असेल तर दोन्ही करा, एकच करायचं तर मी स्ट्रॅटफर्ड म्हणेन, कारण दिवसभर त्याचे हिशेब बघून मग नाटक बघायला मिळतं ते लंडनला नाही.

प्रॅक्टिकल गोष्टी. ट्रस्टच्या घरांचं एकत्र तिकीट वेगवेगळ्यापेक्षा परवडतं, आधी वेबसाइट बघून कुठलं घर चालू कुठलं बंद ते तपासा. चर्चमध्ये लग्न, प्रार्थना असल्या की कबरीपाशी जाता येत नाही, तेव्हा सकाळीच फोन नाहीतर साइट बघा. नाटकाचं तिकीट निघायच्या बऱ्याच आधी काढा आणि रात्रीचा शो असेल तर मुक्काम करा, संपल्यावर लंडनची सोयीची गाडी मिळेल या भरवशावर राहू नका, नाहीतर दुपारचा शो घ्या. २३ एप्रिलच्या आसपास वाढदिवसाची मिरवणूक असते, हौस असेल तर जा, पण हॉटेलं तेव्हा महाग असतात. पावसाचं जाकीट घ्याच, १७६९ मध्ये डेव्हिड गॅरिक या नटाने इथे शेक्सपिअरचा पहिला मोठा उत्सव भरवला होता तर तो पावसात वाहून गेला होता, आणि त्यात म्हणे शेक्सपिअरचं एकही नाटक ठेवलेलं नव्हतं.